उभ्या बाजा

वैशाख अर्धा सरला होता. एका सकाळी सुंदरबाईनं घरातल्या तिन्ही बाजा उचलल्या आणि भिंतीला उभ्या करून ठेवल्या. आडवी बाज दिसली की माणूस आडवा होतो, तेव्हा बाजच आडवी ठेवायची नाही, असं तिचं म्हणणं. घरात माणसं तीन आणि बाजा तीन. नवऱ्याची, म्हणजे रतिलालची बाज अंगणात निंबाखाली असायची, मुलाची, भूपेंद्रची, मधल्या खोलीत कूलरपुढं, आणि तिची स्वतःची ओट्यावर. तिन्ही रतिलालनं आपल्या हातानं विणलेल्या, दोरी चांगली ताणून, मध्ये झोळ न पडू देता.

रतिलाल मळ्यातून आला, चहाचा कप घेतला आणि सवयीनं बाजेवर टेकायला गेला तो थेट जमिनीवर. चहा सांडला. त्यानं उभ्या बाजेकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. आजपासून दिवसा कोणी डोळा मिटायचा नाही, भूपाचं लग्न जमेपर्यंत नाही, असं तिनं सांगून टाकलं.

"झोप काय चप्पल हाये का, दाराबाहेर काढून ठेवाले?" रतिलाल म्हणाला. पण बाज काही त्यानं आडवी केली नाही. चौतीस वर्षांच्या संसारात बायकोशी कुठं वाद घालायचा आणि कुठं नाही, एवढं त्याला कळत होतं.

आता कुणी म्हणेल बाईचं डोकं फिरलं. तसं नव्हतं हो, तिला चटकाच तसा बसला होता. भूपेंद्रला बत्तिसावं लागलं होतं. पाच एकर केळी, वर कपाशीचं रान, तापीचं पाणी, पोरगा सुपारीसुद्धा न खाणारा. पण शेती करतो म्हटलं की पोरीवाले पुढचं ऐकत नाहीत. मुलाकडच्यांनी ऐटीत पोरगी बघायला जायचे दिवस गेले. आता पोरीकडचे येतात, आणि सांगून येत नाहीत. टपरीवर विचारतात, मळ्यावर नजर टाकतात, घरावरून एक चक्कर मारतात. चैत्रात जामनेरकडचे दोघे असेच दुपारी एक वाजता आले. अंगणात रतिलाल घोरत होता, ओट्यावर सुंदरबाई हाताची उशी करून पडलेली, आणि आत भूपेंद्रनं असं ताणून दिलेलं की नाकावर माशी बसली तरी हलेना. पाहुण्यांनी कुणाला उठवलंसुद्धा नाही. संध्याकाळी फोन आला, की बठ्ठं, सगळंच्या सगळं घरच झोपाळू दिसतं, आमचं मन घेत नाही. त्यानंतरचे पाहुणे तर घरापर्यंतही आले नाहीत. भूपा का, दुपारी कधीही जा, झोपेलच सापडेल, असं टपरीवाल्यानं त्यांना सांगितलं. त्याच्या पोटात काही पाप नव्हतं, तो आपला पत्ता सांगत होता.

पण पोरगा दुपारी झोपतो तर रात्री काय करतो, हे कुणी विचारलं का? मळ्याची विजेची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की रात्रभर मोटर चालू ठेवायची, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलत फिरायचं, आणि उजाडल्यावर चिखलाच्या पायांनी घरी यायचं. ह्या वैशाखात तर केळीची पानं होरपळत होती, एक पाळी चुकली तर घड अर्ध्यात मोडून पडले असते. शेजारच्या प्रमिलाबाईचा भूषण वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. त्याची रातपाळी असली की प्रमिलाबाई दिवसभर गल्लीत दटावत फिरायची, हळू बोला रे, माह्या भूषणची नाईट हाये. भाजीवाल्याला ती कोपऱ्यावरच गप्प करायची. भूषण झोपला तर नाईट, आणि भूपा झोपला तर आळशी. ह्याचा सुंदरबाईला फार राग यायचा. तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून तिनं बाजांवर काढला.

आताचं स्थळ धुळ्याकडचं होतं. रतिलालचा मावसभाऊ झिपरू मध्ये होता. मुलगी ज्योत्स्ना, घरी शिवणाची मशीन चालवणारी, शेतीच्या घरात जायला तयार असलेली. तिचा फोटो झिपरूनं मोबाईलवर पाठवला होता, आणि भूपेंद्र तो दिवसातून चार वेळा उघडून बघतो हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आजवर त्यानं कुठलाच फोटो दुसऱ्यांदा बघितला नव्हता. पण त्या घरात शेवटचा शब्द मुलीच्या आजीचा, धुरपदाबाईचा. बठ्ठे तिला अक्का म्हणत. अक्का आठ-दहा दिवसांत मुक्ताईच्या दर्शनाला मुक्ताईनगरला येणार आणि तिथून न सांगता तुमच्याकडे येणार, असं झिपरूनं गुपचूप कळवलं. येणार तीही दुपारीच, तिची रीतच तशी. पंधरा घरं पाहिली आणि पंधराही तिनं मोडली. काय बघते कोण जाणे, झिपरू म्हणाला, माले तर आजवर समजलं नाही.

म्हणून बाजा उभ्या राहिल्या.

पहिल्या दुपारी सुंदरबाईनं तूर निवडायला घेतली. अर्ध्या सुपात तिचे डोळे जड झाले, तूर अंगणात सांडली. तिनं डोळ्यांवर पाणी मारलं, कांदा चिरला, उगाच घडवंची पुसली. रतिलाल निंबाला पाठ लावून पेपर वाचत बसला होता. बराच वेळ पान उलटलं नाही म्हणून तिनं पेपर बाजूला केला, तर मागं डोळे मिटलेले. तिनं त्याला हलवलं. मी जागाच होतो, तो म्हणाला, आणि पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. भूपेंद्र ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. तो बिचारा बसून राहिला. आईनं सांगितलं होतं, आणि खिशात तो फोटो होता.

घरात बसलं तर झोप येते म्हणून दुसऱ्या दुपारी सुंदरबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाहेर पडली. निमित्त एवढंच, की अक्का स्टँडवर उतरली का बघावं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की चौतीस वर्षं ह्या गावात काढून तिनं ह्या गावची दुपार कधी बघितलीच नव्हती. रोज ती झोपलेलीच असायची. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चप्पल चिकटत होती. चंदनच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली, आणि शटरखालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले. गिऱ्हाईक आलं तर अंगठा हलवून त्याला उठवत असणार. चक्कीवाला पोत्यांवर, भुवयांसकट पांढरा. टेलरनं मशीनवर गाल टेकलेला, गालाखाली कुणाचं तरी ब्लाऊज. केळी भरायच्या ट्रकच्या सावलीत कापणीची टोळी झोपली होती, आठ जण एका ओळीत, बठ्ठे डाव्या कुशीवर. त्यातला एक वळला तसे बाकीचे सातही वळले. सुंदरबाई तोंडाला पदर लावून हसली.

मग तिला नादच लागला. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी ती मुद्दाम निराळ्या गल्लीनं जाऊन बघू लागली, कोण कसं झोपतं. ग्रामपंचायतीचा शिपाई टेबलावर. म्हातारा गुरव पारावर, तोंड उघडं, हातात तंबाखूची चिमूट तशीच. माणूस जागेपणी कितीही तालेवार असो, दुपारी बठ्ठे सारखेच दिसतात, असं तिला वाटलं. पण एक गोष्ट तिला खटकली. पुरुष जिथं तिथं पडलेले दिसत होते, बायका कुठं दिसत नव्हत्या. म्हाताऱ्या होत्या, ओट्यावर, दारात. पण सुना कुठं झोपतात?

ते तिला चौथ्या दुपारी कळलं. प्रमिलाबाईच्या मागच्या अंगणात टाकीचा नळ वाहत होता, भांड्यावर पाणी पडल्याचा आवाज येत होता. एवढ्या उन्हात कोण भांडी घासतं म्हणून सुंदरबाईनं कुंपणावरून डोकावलं. प्रमिलाबाईची सून, ऋतिका, मोरीच्या दगडावर बसलेली. डोकं गुडघ्यांवर, एक हात नळाखालच्या पातेल्यात. पाणी हातावरून वाहत होतं, आणि ती झोपली होती. आवाज थांबला असता तर आत सासूला कळलं असतं की सून रिकामी बसली. नवऱ्याच्या नाईटसाठी अख्खी गल्ली गप्प, आणि ही नळ चालू ठेवून झोपते. सुंदरबाई कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. मग वाळलेलं पानसुद्धा पायाखाली येऊ न देता मागं फिरली.

ती लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दुपारी तिच्या सासूनं तिच्या हातातली राख-काथ्या काढून घेतली होती आणि म्हटलं होतं, जा, पड. तेव्हा ते फार मोठं काही वाटलं नव्हतं. आज घरी येईपर्यंत तेच डोक्यात राहिलं. पण बाजा तिनं आडव्या केल्या नाहीत. लग्न जमू दे, मग बघू.

पाचव्या दिवशी जे व्हायचं ते झालं. रात्रीचं पाणी भरून आलेल्या भूपेंद्रला तिनं चहा देऊन पुन्हा मळ्यात धाडलं, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायला. रस्त्यानं कुणी आलं तर पोरगा कामात दिसला पाहिजे. अकराच्या सुमाराला वाकल्या-वाकल्याच त्याचा डोळा लागला आणि विळा पिलाऐवजी नडगीवर बसला. डॉक्टरनं तीन टाके घातले. कसं लागलं विचारलं तर भूपेंद्रनं पाय घसरला म्हणून सांगितलं.  रतिलालनं विळा धुतला, पुसला आणि पत्र्याखाली खोचून ठेवला. तो चार शिव्या देता तर बरं झालं असतं. सुंदरबाईला जेवण गेलं नाही.

आणि सहाव्या दिवशी, भर साडेबारा वाजता, दारात धुरपदाबाई उभी. बुटकी, वाळकी, सत्तरीच्या पुढची म्हातारी. हातात छत्री, काखेत प्रसादाची पिशवी. मुक्ताईला आले होते, म्हटलं वाटेत घर आहे तर पाणी पिऊन जावं, एवढंच ती म्हणाली. नाव सांगायची गरजच नव्हती. तिनं पाणी घेतलं, घरभर नजर फिरवली आणि ती नजर भिंतीला लावलेल्या बाजांवर थांबली. ह्या अशा उभ्या का, तिनं विचारलं.

"ढेकूण झाले हो अक्का, म्हणून ऊन दाखवू राह्यले," सुंदरबाईच्या तोंडून गेलं. सोयरिकीच्या माणसाला कुणी घरात ढेकूण आहेत म्हणून सांगतं का? तिनं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. आतून रतिलालचा खोकला ऐकू आला. तो हसू दाबत होता.

सुंदरबाईनं घाईनं शेवभाजी टाकली, भाकरी थापल्या, आमरस काढला. अक्का हळूहळू जेवली. भूपेंद्रच्या पायाची पट्टी तिनं बघितली, विचारलं, आणि त्यानं पुन्हा पाय घसरल्याचं सांगितलं. रात्रभर मोटरवर राहून तो सकाळी आला होता. त्याचे डोळे तांबडे झाले होते. अक्कानं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "माले जराशी पडू दे, बाई." सुंदरबाईनं भूपेंद्रची बाज कूलरपुढं टाकली, वर धुतलेली गोधडी घातली. अक्का डाव्या कुशीवर वळली आणि पदर तोंडावर ओढून घेतला. पदराआड डोळे मिटलेले की उघडे, काही कळेना.

घरात आवाज बंद झाला. ओट्यावर भूपेंद्र खुर्चीत ताठ बसलेला. त्याची मान पुढं गेली, हनुवटी छातीला लागली, तो दचकून सरळ झाला. पुन्हा मान गेली, ह्या वेळी डोकं भिंतीवर आपटलं. तिसऱ्यांदा तो खुर्चीतून घसरायलाच आला, दुखऱ्या पायावर भार पडला, तोंडातून आवाज आला तो त्यानं गिळला. आणि आई बघते आहे हे दिसल्यावर तो हसला, जसं काही त्याचीच चूक झाली.  एरवी सुंदरबाईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं असतं, चिमटा घेतला असता, काहीतरी करून त्याला आणखी तासभर जागं ठेवलं असतं. त्याऐवजी ती उठली, तिनं आपली बाज भिंतीपासून ओढली आणि ओट्यावर आडवी टाकली.

"झोप," ती म्हणाली.

त्यानं डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. तिथून ओट्यापर्यंत अंतर ते किती, मध्ये नुसती चौकट.

"पाहू दे काय पाह्यचं ते. मोडलं तर मोडलं. रातभर केयीले पाणी देतो अन् दिवसा चोरावानी जागतो माहा पोरगा. नको मले असं लग्न. झोप तू."

शेवटचे शब्द त्यानं ऐकले की नाही शंकाच आहे. पाठ टेकायच्या आत तो झोपला. सुंदरबाईनं त्याचा पाय उचलून उशीवर ठेवला. अंगणात जाऊन रतिलालला खुणेनं सांगितलं, त्यानं तिसरी बाज निंबाखाली टाकली, आणि तोही आडवा झाला. आता सोयरीक गेलीच होती. तिला रडू आलं, पण रडण्यात एक मोकळेपण होतं. तेवढ्यात कोपऱ्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली. सुंदरबाई अनवाणीच धावली. धुळीनं तळवे भाजत होते. तिनं त्याच्या घंटेवर हात ठेवला.

"हळू रे बाबा," ती म्हणाली. "माह्या भूपाची नाईट हाये."

कुल्फीवाला तिच्याकडे बघत राहिला आणि घंटा मुठीत धरून गाडी ढकलत निघून गेला.

ती परत आली तेव्हा मधल्या खोलीतून एक बारीक आवाज येत होता. आधी तिला वाटलं कूलर बिघडला. मग बघितलं तर अक्काच्या तोंडावरचा पदर घसरला होता, तोंड उघडं पडलं होतं आणि म्हातारी घोरत होती. सुंदरबाईला नवल वाटलं. परक्या घरात, ढेकणांची बाज म्हणून सांगितलेल्या बाजेवर? ती दाराला टेकून बघत बसली आणि सहा दिवसांची राहिलेली झोप तिलाही तिथंच चौकटीत लागली.

साडेचारला अक्का उठली. आपण कुठं आहोत हेच तिला कळेना, ती आढ्याकडे बघत राहिली. मग एकदम उठून बसली. बाज करकरली तशी सुंदरबाईही जागी झाली. सुंदरबाईनं चहा दिला. रतिलाल येऊन खाली बसला. भूपेंद्र तसाच झोपलेला, आणि कुणी त्याला उठवलं नाही. 

चहा संपवून अक्कानं स्वतःचंच सांगायला सुरुवात केली. तिच्या सासूजवळ एक तांब्या असायचा. दुपारी सासू पडायची, पण कान जागे. अक्काच्या कामाचा आवाज थांबला की सासू तांब्या जमिनीवर ठोकायची. म्हणून अक्का रिकामं जातं फिरवत झोपायला शिकली. एक हात फिरत राहायचा आणि बाकीचं अंग झोपायचं. सासू गेली तेव्हा अक्काला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा झोप यायची बंद झालेली. तर नातीसाठी घर बघायला गेलं की ती जेवून आडवी व्हायची आणि पदराआडून कानोसा घ्यायची. पंधरा घरं झाली. सगळीकडे पाहुणी झोपली म्हणून पुरुष बाहेर गेले, सासूबाई लवंडल्या, आणि सुनेची भांडी वाजतच राहिली. एका घरात तर नळ चालू होता आणि भांडं घासल्याचा आवाजच नव्हता. तो नळ कशासाठी चालू होता, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

सुंदरबाईनं मान खाली घातली. तसा नळ तिनंही ऐकला होता.

"तुन्हं बोलनं मी आयकं," अक्का म्हणाली. "मोडलं तर मोडलं, तठपर्यंत. मंग माले झोप लागी गई. किती वरीसमा लागनी, माहीत नही."

 अक्कानं बशी खाली ठेवली आणि सुंदरबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका होता, कातडं नुसतं.

"आमनी पोर दिनभर मशीन चालाडस. दुपारले घडीभर पडनी नही ते तिन्हं डोकं दुखस. तिले पडू देशात ना?"

एवढ्यासाठी ही बाई पंधरा घरं फिरली, आणि आपण सहा दिवस बाजा उभ्या करून बसलो. सुंदरबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही हातांनी अक्काचा हात घट्ट धरला. मग आठवून म्हणाली, घरात ढेकूण नाहीत हो अक्का, मी खोटं बोलले. ते कळलं मला, अक्का म्हणाली, ढेकूण असते तर मी एवढी घोरले असते का?

पाचच्या गाडीला रतिलाल तिला स्टँडवर सोडून आला. उन्हं कलली होती. सुंदरबाई चुलीपाशी होती. मागच्या अंगणात काहीतरी घसरल्याचा आवाज आला म्हणून तिनं बघितलं, तर रतिलालनं माळ्यावरून बाजेचे जुने खूर, बाभळीचे पाय, काढले होते आणि एका दांडीची लांबी वितीनं मोजत होता. शेजारी दोरीचं नवं बंडल पडलं होतं, स्टँडवरून येताना आणलेलं.

"माणसं चार होतील," तो वर न बघता म्हणाला. "बाजा तीन."

सुंदरबाई त्याच्याजवळ उकिडवी बसली. तिनं पण दांडी हातानं मोजून बघितली.

"एक वीत लांब घ्या. फोटोत पोरगी उंच दिसते."

त्यानं मान हलवली आणि खुरात दांडी बसवायला दगड उचलला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"ठोकाठोकी उद्या करा," ती हळूच म्हणाली. "भूपा झोपेल हाये."